कोविडमध्ये नेमके किती गेले? सरकारी आकडा वाचायचा कसा?

हिशेबनीस
या प्रश्नाची आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत. आरोग्य मंत्रालय म्हणतं, सव्वापाच लाखांच्या थोडं वर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, २०२० आणि २०२१ मिळून ४७ लाख. ज्याला जो पक्ष प्रिय, तो त्याचा आकडा घेऊन भांडायला उभा. गंमत म्हणजे तिसरा आकडा, मृत्यूनोंदणीचा, सरकारच्याच दप्तरात आहे आणि त्याला कुणी हात लावत नाही.

मंत्रालयाचा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो वेगळ्याच गोष्टीचा आहे. चाचणी झाली, पॉझिटिव्ह आली, माणूस गेला, दवाखान्याने कळवलं, जिल्ह्याने पोर्टलवर चढवलं, एवढ्या चाळण्यांतून जे उरलं ते. चाचणीच झाली नाही तर माणूस या हिशेबात येतच नाही.

मृत्यूनोंदणी मात्र कारण विचारत बसत नाही. माणूस गेला, नोंद झाली. देशात २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची उडी. त्या वर्षी मंत्रालयाच्या खात्यात कोविडचे मृत्यू होते साधारण सव्वातीन लाख. बाकीचे कशाने गेले?

सरळमार्गी
नोंदी वाढल्या म्हणजे माणसं जास्त मेली असं होत नाही, हिशेबनीस. २०१९ मध्ये देशातल्या ९२ टक्के मृत्यूंचीच नोंद व्हायची, हाही सरकारचाच आकडा. नोंदणी सुधारली की संख्या वाढणारच. त्यात २०२० च्या लॉकडाउनमध्ये ज्यांना ऑफिस गाठता आलं नाही त्यांनी २०२१ मध्ये उशिरा नोंद केली. आणि कोविडने गेलेल्यांच्या नातेवाइकांना सरकारकडून सानुग्रह अनुदानाचे ५० हजार मिळायचे म्हटल्यावर दाखला काढायला कोण मागे राहील?

४७ लाखांबद्दल तर बोलूच नका. ते गणिती प्रारूप आहे. भारतातल्या १७ राज्यांची माहिती घेतली, तीही काही ठिकाणी बातम्यांतून आणि माहिती अधिकाराच्या उत्तरांतून. त्यावर अख्ख्या देशाचा अंदाज बांधायचा? सरकारने आक्षेप घेतला तो रास्तच होता.

कट्ट्यावरचा
तुम्ही दोघं कमी दाखवले की जास्त यावर भांडताय. आमच्या भागात सरसकट सगळे कोविडमध्ये घातले. ट्रकखाली आलेला माणूस, त्याचा स्वॅब घेतला, पॉझिटिव्ह, गेला कोविडने! पेशंटमागे पैसे मिळत होते हो दवाखान्यांना.

ओपीडी_नंबर_३
कट्ट्यावरचे दादा, ट्रकखाली आलेल्याची नोंद कुठे जायची ते सांगतो. महाराष्ट्राच्या रोजच्या कोविड अहवालात एक वेगळा रकाना होता, इतर कारणांमुळे झालेल्या मृत्यूंचा. पॉझिटिव्ह, पण अपघात किंवा आत्महत्या, असे लोक तिथे जात.

आता फॉर्म ४ बघा. वैद्यकीय प्रमाणपत्रात कारणं एकाखाली एक लिहायची असतात. वरच्या ओळीत शेवटचं तात्काळ कारण, खाली ते ज्याच्यामुळे झालं ते, आणि सगळ्यात खाली मूळ कारण. बरोबर भरलेला फॉर्म असा: वर श्वसनसंस्था निकामी, खाली न्यूमोनिया, त्याखाली कोविड-१९. मधुमेह वगैरे दुसऱ्या भागात. प्रत्यक्षात रात्रपाळीचा निवासी डॉक्टर काय लिहितो? "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" आणि सही. हृदय आणि श्वास थांबल्याशिवाय कोण मरतं? अशा फॉर्ममधून कोविड गळतो, वाढत नाही. आणि जिथे मधुमेहच मूळ कारण म्हणून लिहिला तिथेही गळतो.

बरं, हे दवाखान्यातलं. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले जेमतेम २२ टक्के. उरलेल्यांच्या कारणाबद्दल छातीठोकपणे बोलणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

गोदाकाठ
डॉक्टरांना दुजोरा. गावात मृत्यूची नोंद ग्रामसेवकाकडे. घरी गेलेल्याचं कारण नातेवाईक सांगतील ते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडची उत्तरं ठरलेली : ताप, दम लागला, झटका आला. चाचणी कुठली करायची? किट असायचं तालुक्याला, आणि पॉझिटिव्ह निघालो तर उचलून नेतील या धाकाने माणसं शेतात लपायची. यातलं एकही माणूस रोजच्या बातम्यांतल्या आकड्यात नाही. पण नोंदवहीत सगळे आहेत, कारण सातबाऱ्यावर वारस लावायला दाखला लागतोच.

सरळमार्गी
गोदाकाठ, म्हणजे नोंदणी वाढायला कारण होतंच. माझाच मुद्दा झाला.

गोदाकाठ
वारसनोंद काय कोविडमध्ये सुरू झाली का राव?

टेम्सकाठचा
इंग्लंडमधलं सांगतो. इथे सुरुवातीला एकदा पॉझिटिव्ह आलेला माणूस पुढे कधीही, कशानेही गेला तरी कोविडमध्ये मोजत. ऑगस्ट २०२० मध्ये चाचणीपासून २८ दिवसांची मर्यादा घातली आणि ब्रिटनचा एकूण आकडा एका दिवसात पाच हजारांहून जास्त खाली आला. कुणी जिवंत झालं नाही, फक्त व्याख्या बदलली. तेव्हा कट्ट्यावरच्यांची शंका जगावेगळी नाही. फरक एवढाच की इथे दर आठवड्याला एकूण मृत्यूंची आकडेवारी वेगळी येत होती, त्यामुळे ताडून बघता यायचं.

हिशेबनीस
सरळमार्गी, तुमचे तिन्ही आक्षेप धरून हिशेब करू.

९२ टक्के म्हणजे ७६.४ लाख, तर १०० टक्के म्हणजे ८३ लाख. समजा नोंदणी रातोरात पूर्ण झाली, एकही मृत्यू सुटला नाही. तरी वर्षाला ८३ लाख. उशिराच्या नोंदींचं म्हणाल तर दोन्ही वर्षं एकत्र धरा, २०२० ची थकबाकी आपोआप मिटते. ८१ अधिक १०२ म्हणजे १८३ लाख. अपेक्षित १६६. फरक १७ लाख. लोकसंख्यावाढीचे म्हणून सढळ हाताने चार लाख वजा करा. उरले १३. मंत्रालयाचा २०२१ अखेरचा आकडा ४ लाख ८१ हजार. म्हणजे अडीच पटीच्या वर, तेही सगळी सूट तुम्हाला देऊन.

पन्नास हजारांचं सांगायचं तर सर्वोच्च न्यायालयाचा त्याबाबतचा आदेश ऑक्टोबर २०२१ चा. महाराष्ट्रात मात्र नोंदी २०१९ मधल्या ६.९ लाखांवरून २०२० मध्येच आठ लाखांवर गेल्या होत्या. तेव्हा कसलं अनुदान? त्या वर्षी राज्याच्या कोविड मृत्यूंचा आकडा पन्नास हजारांच्या आत होता.

अनुदानाचा विषय काढलातच तर गुजरात बघा. कोविड मृत्यू दहा हजारांच्या आसपास, आणि २०२२ च्या सुरुवातीपर्यंत मंजूर दावे ६८ हजारांहून जास्त. मंजूर सरकारनेच केले.

सरळमार्गी
अनुदानाची व्याख्या मुद्दाम सैल होती, पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला की पात्र. तिची तुलना वैद्यकीय व्याख्येशी करणं चूक.

तुमच्या १३ लाखांतही सगळे कोविडचेच कशावरून? डायलिसिस चुकलेले, हार्ट अटॅक येऊनही भीतीने दवाखान्यात न गेलेले, तेही त्यात आहेत. शिवाय १३ कुठे आणि ४७ कुठे! तुमच्याच हिशेबाने आरोग्य संघटना मंत्रालयापेक्षा जास्त चुकली.

हिशेबनीस
डायलिसिसचं मान्य, ते यात आहेत. पण रस्ते अपघातांत २०१९ मध्ये दीड लाख गेले होते, २०२० मध्ये १ लाख ३१ हजार. म्हणजे काही कारणं कमीही झाली. ४७ लाखांचा वकील मी नाही. ते प्रारूप मलाही ताणलेलं वाटतं.

नोंदणी बाजूला ठेवायची असेल तर एसआरएस, म्हणजे सरकारचीच नमुना नोंदणी पद्धत, घ्या. नमुन्यातल्या ठरावीक गावांत आणि वस्त्यांत माणसं जाऊन मोजतात, दाखल्याशी संबंध नाही. हजारी मृत्यूदर २०२० मध्ये ६.०, २०२१ मध्ये ७.५.

सरळमार्गी
आणि २०१९ मध्ये? तोही ६.०. म्हणजे तुमच्या एसआरएसप्रमाणे २०२० मध्ये देशात वाढ शून्य. हे सोयीस्करपणे गाळलंत.

ओपीडी_नंबर_३
देशाची सरासरी आहे ती. पहिली लाट मुख्यतः मुंबई-पुणे-दिल्ली-चेन्नईची होती, बिहारच्या खेड्यातली नव्हे. सरासरीत ती बुडते. महाराष्ट्राचं वर आलंच आहे.

सरळमार्गी
बरं, २०२१ चं मानतो. प्रचंड मृत्यू झाले आणि मोजदाद तोकडी पडली. पण "लपवले" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण राहील. बिहारने जून २०२१ मध्ये जवळपास चार हजार मृत्यू एकदम वाढवून दाखवले, महाराष्ट्राने जून २०२० मध्ये तेराशेवर. लपवायचं असतं तर वाढवले असते का? महाराष्ट्राच्या रोजच्या कोविड बुलेटिनमध्ये छापून यायचं की आजच्या मृत्यूंपैकी मागच्या ४८ तासांतले इतके, मागच्या आठवड्यातले इतके, बाकी त्याआधीचे. हे वाचत कोण होतं? चॅनलवाले सगळे मिळून "आज एवढे मृत्यू" म्हणून पट्टी चालवायचे.

हिशेबनीस
बुलेटिनचं शंभर टक्के खरं. ती ओळ न वाचता आलेख काढणाऱ्यांनी बराच गोंधळ घातला.

बिहारची फेरमोजणी मात्र पाटणा उच्च न्यायालयात खटला चालू असताना झाली. आणि केंद्राचं म्हणाल तर २०२० चा नोंदणी अहवाल ३ मे २०२२ ला आला, आरोग्य संघटनेचा अंदाज जाहीर होण्याच्या बरोबर दोन दिवस आधी. २०२१ चा, ज्यात ती २१ लाखांची उडी आहे, तो आला मे २०२५ मध्ये.

सरळमार्गी
सरकारी अहवाल वेळेवर येतात कधी? जनगणनेचं काय झालं बघताय ना.

कट्ट्यावरचा
दोन दिवस आधीचा मात्र बरोबर वेळेवर आला म्हणायचा.