‘सेवाव्रत’ सांगून परिचारिकांना गप्प बसवणाऱ्यांस

रात्रपाळी
काल ‘जनहित’ या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी मे २०२२ मधील परिचारिकांच्या राज्यव्यापी संपाची आठवण काढली. परिचारिकांनी संघटनेच्या नादी लागणे म्हणजे रुग्णाला वेठीस धरणे होय, असे सांगून त्यांनी आम्हांला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांचा कित्ता गिरवायला सांगितले, कारण त्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या सहकारी परिचारिका अरुणा शानबाग यांची ४२ वर्षे निमूटपणे शुश्रूषा केली. त्यातला ‘निमूटपणे’ हा शब्द वाचल्यावर मला उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये अरुणाताईंवर रुग्णालयातच हल्ला झाला, तेव्हा मुंबईतल्या परिचारिकांनी काम बंद केले होते, आणि ते त्यांच्या देखभालीसाठी तसेच स्वतःच्या सुरक्षिततेसाठी होते. पुढे १९८० च्या दशकात खाट मोकळी व्हावी म्हणून महापालिकेने अरुणाताईंना दुसरीकडे हलवण्याचा घाट घातला, तेव्हाही परिचारिकांनीच विरोध केला आणि पालिकेला बेत सोडावा लागला. त्या भांडल्या नसत्या, तर आपण ज्या सेवेपुढे हात जोडता ती त्या खाटेवर घडलीच नसती. २०२२ चा संपही मुख्यतः बाह्यस्रोतामार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध होता, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे.

जनहित
१९७३ चा संप मला ठाऊक नव्हता, हे मान्य करतो; आपल्या अभ्यासाबद्दल अभिनंदन. परंतु २०२२ च्या त्याच आठवड्यात माझ्या वडिलांची हर्नियाची शस्त्रक्रिया ठरलेली होती. पहाटेपासून उपाशी ठेवलेल्या ७१ वर्षांच्या माणसाला दुपारी एक वाजता ‘आज होणार नाही’ असे सांगून चहा-बिस्कीट देण्यात आले. कंत्राटी भरतीचा निर्णय मंत्रालयातला होता, मग उपास माझ्या वडिलांना का घडला?

रात्रपाळी
आपल्या वडिलांना त्रास झाला याचे मला खरोखर वाईट वाटते. मात्र संप नसलेल्या दिवशी काय होते, तेही ऐका. गेल्या पावसाळ्यात आमच्या मेडिसिन वॉर्डात एका रात्री ५८ रुग्ण होते, त्यांतले अकरा जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेले होते, आणि ड्युटीवर आम्ही दोघीच होतो. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. दहाची अँटिबायोटिक्स संपवून मी शेवटच्या गादीशी पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते, आणि तिथल्या आजोबांची सलाइनची बाटली केव्हाच रिकामी होऊन नळीत रक्त चढलेले होते. ही हेळसांड रोजची असल्यामुळे तिची बातमी होत नाही.

तालुक्याचा डॉक्टर
सरकारी परिचारिकांचे दुःख समजू शकतो, पण संघटनेचे वारे आमच्यासारख्या ३० खाटांच्या रुग्णालयात शिरले तर आम्ही टाळे लावावे काय? जीएनएम ही परिचर्येची पदविका झालेल्या मुलीला मी सहा महिने हाताला धरून आयसीयू शिकवतो, आणि सातव्या महिन्यात ती पुण्याला नाहीतर आखातात निघून जाते. त्यामुळे दोन वर्षांचा बाँड घेणे आणि तोवर मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे, एवढाच उपाय माझ्या हाती उरतो.

कोथरूडची नर्स
डॉक्टरसाहेब, मी सध्या दुसरीकडे नोकरी करते, पण माझी पहिली नोकरी अशाच एका रुग्णालयात होती. आईच्या आजारपणामुळे मला गावी जायचे होते, तर माझी प्रमाणपत्रे व्यवस्थापकाच्या लोखंडी कपाटातून सोडवण्यासाठी भावाला ५०,००० रुपये उसने काढून भरावे लागले. महिन्याचा पगार ११,००० होता. तीन वर्षांचे शिक्षण माझ्या वडिलांच्या पैशाने झाले होते, तुमच्या नव्हे.

तालुक्याचा डॉक्टर
सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. मी पैसे मागत नाही.

रात्रपाळी
पैसे मागत नाही, फक्त माणूस अडवून ठेवतो, असेच ना? मुली का जातात याचे उत्तर तुमच्या पगारपत्रकात आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार केंद्राने समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस तिने केली. केरळातल्या परिचारिकांनी संघटित लढा देऊन २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना पदरात पाडून घेतली. तुम्ही २०,००० देता का, एवढेच सांगा.

तालुक्याचा डॉक्टर
शिफारस ही शिफारस असते. विम्याची बिले चार-चार महिने अडकतात, वीजबिल व्यावसायिक दराने येते, आणि रुग्णाचे नातेवाईक काचा फोडतात ते वेगळेच. चौदा हजार देतो, शिवाय राहण्याची खोली देतो. आपण एकदा माझ्या खुर्चीत बसून पाहावे.

जनहित
मूळ विषय सरकारी संपाचा होता. डॉक्टरांचे कपाट मध्येच कुठून आले?

कोथरूडची नर्स
ते मध्येच आलेले नाही. सरकारी जागा कंत्राटदाराकडे गेल्या की तिथेही हेच कपाट येणार, म्हणून तर तो संप होता. आणि आपल्या वडिलांची शस्त्रक्रिया पुढे झाली असेल, तर नंतर त्यांची रात्रभर देखभाल कोणी केली?

जनहित
झाली, आठ दिवसांनी. सिस्टर चांगल्या होत्या, ते मी नाकारलेले नाही. तरीही अत्यावश्यक सेवेत संप नसावा, या मतावर मी ठाम आहे. फार तर भरती कायमस्वरूपी व्हावी, एवढे मान्य करतो.

तालुक्याचा डॉक्टर
वाद मिटावा म्हणून सांगतो की माझ्याकडे सध्या केवळ दोघींची प्रमाणपत्रे आहेत, आणि ती त्यांनी स्वखुशीने ठेवायला दिलेली आहेत.

कोथरूडची नर्स
मग सोमवारी ती दोघींच्या हातात देऊन ‘हवी असतील तर घेऊन जा’ म्हणा, आणि त्यांतली कोणती परत ठेवायला देते ते आम्हांला येथे कळवा.