उजनीत वॉटर स्पोर्ट्स: बंदी घालायची की नियम लावायचे?

सोलापूरकर_७८: उजनी धरणाच्या बॅकवॉटरला जेटस्की, स्पीडबोट सुरू करा म्हणून सगळे मागे लागलेत. माझं म्हणणं, मे ते सप्टेंबर पाणी साफ बंद ठेवा. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, ६ जण गेले. त्यानंतरही हौस फिटत नाही का?

पंक्या_करमाळा: मालक, ती हौसेची बोट नव्हती. लोक पलीकडच्या काठाला निघाले होते. रस्त्यानं जायचं तर केवढा वळसा पडतो, ते सोलापुरात बसून कळायचं नाही. बंदी घातली की कागदपत्रं असलेला गप घरी बसेल, विनापरवान्याचा अंधारात माणसं भरेल. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे ना? नोंदणी नसेल तर बोट पाण्यातच उतरू देऊ नका.

सोलापूरकर_७८: आणि काठावर ते तपासणार कोण?

पंक्या_करमाळा: तुमची बंदी जो राबवणार तोच! त्याला मे महिन्यात वेळ असेल, तर डिसेंबरातही असेल.

भीमाकाठ: दोघंही महिन्यांवर भांडताय. आमच्या घरात मासेमारी आहे म्हणून सांगतो, जागा बघा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तशाच बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींची तोंडं आणि झाडांचे बुंधे वीतभर पाण्याखाली असतात. वरून काही दिसत नाही. जेटस्की त्यावर गेली तर काय होईल? शिवाय आमची जाळी पंख्यात अडकणार, ती भरून कोण देणार? पाणी मोजून पट्टा आखा, खुणेच्या तरंगत्या बोया टाका, यंत्राच्या बोटी त्या पट्ट्यातच.

पाखरू: भिगवणकडच्या उथळ पाण्यात तर इंजिन नकोच. हिवाळ्यात रोहित पक्षी तिथंच चरतात. वल्ह्याची होडी चालेल.

पंक्या_करमाळा: पट्टा मान्य. पण आधी लाइफ जॅकेटचं बघा. आपली माणसं ते अंगात अडकवतात आणि फोटोसाठी बक्कल सोडतात. पाण्यात पडलं की जॅकेट हनुवटीच्या वर सरकतं, माणूस खाली जातो. काही जण तर बुडाखाली घेऊन बसतात!

सोलापूरकर_७८: पट्टा, जॅकेट सगळं करा. मे महिना मात्र मी सोडणार नाही. वळवाचा वारा सुटला की एवढ्या मोकळ्या पाण्यात लाटा उठायला वेळ लागत नाही, आणि बोट नेमकी मधोमध असते.

भीमाकाठ: मे महिन्यात दुपारनंतर बंद, एवढं मला पटतं. सकाळी पाणी शांत असतं, तेव्हा आमच्या होड्या अडवू नका म्हणजे झालं.