मदत हवी आहे : कानातील आवाजावर ॲक्युपंक्चर

वडिलांच्या उजव्या कानात लांबून कुकरची शिट्टी यावी तसा आवाज सतत येतो आणि निजानीज झाली की तो अधिकच जाणवतो. त्यांना ॲक्युपंक्चर (सुया टोचून करायचा उपचार) सुचवले गेले आहे. परंतु अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत टिनिटससाठी, म्हणजे कानातील अशा आवाजासाठी, या उपचाराच्या बाजूने वा विरुद्ध शिफारस केलेली नाही. टोचल्यासारखी वाटणारी, पण त्वचेत न शिरता स्वतःच्याच मुठीत सरकणारी बोथट नकली सुई १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून मांडली गेली, तिच्याशी तुलना करून घेतलेल्या चाचण्या कोणी वाचल्या आहेत का? निव्वळ ‘बरे वाटते’ एवढ्याने माझे समाधान होणार नाही, कारण हा आवाज आपोआपही कमीजास्त होतो. उपचाराआधी व नंतर २५ प्रश्नांची टिनिटस प्रश्नावली भरून घेण्याचा विचार आहे; ती मराठीत कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.