पार्किंगमधलं तेल

मंगळवार

माई (ए-१०४), ६.५२
दूध घ्यायला उतरले आणि पार्किंगमध्ये पाय सरकला. खांब हाताशी होता म्हणून वाचले. सात नंबरच्या तोंडाशी तेल सांडलंय, वर पावसाचं पाणी, नुसतं इंद्रधनुष्य झालंय. फोटो टाकतेय. नाव घेत नाही, सगळ्यांना माहितीये.

तात्या (ए-१०१), ६.५५
शुभ सकाळ 🙏 सर्व भगिनींना मंगळागौरीच्या शुभेच्छा

बापू (बी-१०१), ७.०४
माई, नाव घ्या की. माझी गाडी सहा नंबरला असते.

माई (ए-१०४), ७.०५
तेलाला नंबर वाचता येत नाहीत बापू. आणि सहाखालचा काळा डाग मे महिन्यापासून आहे, तो काय सुरमा सांडलाय?

नलूवहिनी (बी-३०२), ७.११
लागलं नाही ना माई? गळतीचा विषय निघालाच आहे तर गच्चीचं काय झालं? दुसरा महिना आहे, हॉलमध्ये टोप ठेवून बसलोय.

सेक्रेटरी (ए-३०१), ७.२०
वहिनी, तो वेगळा विषय आहे. एका वेळी एकच विषय घेऊ.

नलूवहिनी (बी-३०२), ७.२१
गेल्या वर्षीही वेगळाच होता.

गोदाकाकी (बी-१०३), ७.२६
गाडी कोणाची ता मागसून बघा. आधी थय भुसो टाका, पोरा खेळतत.

खजिनदार (बी-२०१), ७.४०
१५ वर्षांपुढच्या गाड्या आवारात ठेवाव्यात का, हे एकदा जनरल बॉडीत ठरवू. कोणावर रोख नाही.

बापू (बी-१०१), ७.४८
रोख नाही म्हणे. गाडी २००३ ची मारुती ८०० आहे, २०२३ ला पुन्हा पासिंग करून आणलीय, २०२८ पर्यंत कागद चोख. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. कंपनीने २०१४ ला बनवायची बंद केली, मी चालवायची नाही. तुमचे पेव्हर ब्लॉक किती वर्षं टिकले ते सांगा आधी.

शिरी (बी-२०२), ७.५०
बापूंची गाडी बंद पडली तरी बापू बंद पडत नाहीत 😄

अण्णा (ए-२०३), ८.१५
भांडून झालं असेल तर बोलतो. बापू, तेल मोजायची डिपस्टिक कधी बघितलीस?

बापू (बी-१०१), ८.१७
परवा. खालच्या खुणेच्या जरा वर. गणपतीत साखरप्याला जायचंय, त्याआधी दाखवणारच होतो.

अण्णा (ए-२०३), ८.१९
दाखवलीस का कुठे?

बापू (बी-१०१), ८.२४
एकाने बघितली. म्हणाला मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दुसरा म्हणाला चेंबरचं, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचं पॅकिंग. त्याने बदललं पण. आठ दिवस बरं होतं, परत सुरू.

अण्णा (ए-२०३), ८.३३
आठ दिवस बरं नव्हतं, आठ दिवस पुसलेलं होतं. तेल वरून निघतं, इंजिनच्या अंगावरून उतरतं, चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो आणि सगळ्यात खालच्या काठावरून टपकतं. खालचा काठ म्हणजे चेंबर. म्हणून जो तो चेंबरलाच दोष देतो. एसटीच्या वर्कशॉपात असतानाही नवीन पोरं हेच करायची. थेंब खाली बघायचा नसतो, सगळ्यात वरची ओली जागा शोधायची.

नलूवहिनी (बी-३०२), ८.३५
गच्चीचंही तसंच आहे अण्णा. भेग पाण्याच्या टाकीपाशी आणि टपकतंय आमच्या पंख्यावर.

सेक्रेटरी (ए-३०१), ८.३६
वहिनी 🙏

अण्णा (ए-२०३), ८.४१
बापू, आज रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा घाल. पुढची चाकं आणि बंपर कुठे येतो ते पेनाने त्यावर आख. सकाळी थेंब कुठे, किती आणि कोणत्या रंगाचे ते कळेल. स्वच्छ पाण्याचे असतील तर ते एसीचं.

बापू (बी-१०१), ८.४२
माझ्या गाडीला एसी नाही.

शिरी (बी-२०२), ८.४२
चार काचा उघडल्या की झाला एसी

बुधवार

खजिनदार (बी-२०१), ७.०२
मखरासाठी वॉचमनच्या केबिनमागे ठेवलेला फ्रिजचा पुठ्ठा कोणी नेला? तो मी स्वतः साळवी स्टॉपवरून रिक्षात घालून आणला होता.

बापू (बी-१०१), ७.०९
मी. सांगायचं राहिलं. सोसायटीच्याच कामाला लागला.

खजिनदार (बी-२०१), ७.१०
गणपतीचा पुठ्ठा गाडीखाली?

माई (ए-१०४), ७.१२
दोन्ही बाजू वापरता येतात. डागाची बाजू आत करा.

खजिनदार (बी-२०१), ७.१३
मखराला दोन्ही बाजू दिसतात माई.

बापू (बी-१०१), ७.३०
फोटो बघा. अकरा थेंब. नऊ इंजिनच्या मागच्या काठाला ओळीने, काळपट. दोन मध्यावर.

अण्णा (ए-२०३), ७.४४
काळं आणि पातळ, म्हणजे इंजिन ऑइलच. मी येतोय खाली. शिरी, तूही ये, तुझे डोळे चांगले आहेत.

शिरी (बी-२०२), ७.४५
मोबाईल सेल्फी स्टिकला लावून खालून व्हिडिओ काढतो. नाहीतर जॅक लावू का? टेकू द्यायला कंपाउंडजवळ चिरे पडलेत.

अण्णा (ए-२०३), ७.४६
खबरदार. नुसत्या जॅकवर गाडीखाली कोणी शिरायचं नाही आणि चिऱ्यावर तर मुळीच नाही. जांभा घर बांधायला आहे. ओला चिरा भाराखाली कधी फुटेल सांगून फुटत नाही.

गोदाकाकी (बी-१०३), ७.५०
ऐकलंस मां रे शिरी

सेक्रेटरी (ए-३०१), १०.३०
सर्वांना विनंती, ग्रुपवर फक्त सोसायटीच्या सूचना टाकाव्यात.

नलूवहिनी (बी-३०२), १०.३१
गच्ची सोसायटीचीच आहे ना?

बापू (बी-१०१), १८.४०
अण्णांनी इंजिन थंड असताना ब्रशने डिझेल मारून सगळं साफ केलं, फडक्याने कोरडं केलं. पाण्याचा पाइप मारायला निघालो होतो तर ओरडले, प्लगच्या वायरींत पाणी शिरलं म्हणजे तेलाचं राहील बाजूला, गाडीच चालू व्हायची नाही. मग आंघोळीची पावडर भुरभुरली. अर्धा डबा संपला. घरात बोलणी खातोय. उद्या सकाळी मारुती मंदिरपर्यंत चक्कर.

शिरी (बी-२०२), १८.४४
पहिल्यांदाच कोणाच्या इंजिनाला चंदनाचा वास

गुरुवार

बापू (बी-१०१), ८.०५
सापडलं!

बापू (बी-१०१), ८.०६
फोटो जात नाहीये. रेंज नाही.

अण्णा (ए-२०३), ८.२०
तोवर मी सांगतो. चेंबर कोरडं, पावडर जशीच्या तशी. मागचं ऑइल सील कोरडं. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, त्याच्या मागच्या कोपऱ्यात, काठाखाली, बोटभर रुंदीचा पट्टा भिजलेला. पावडरीचा चिखल झालाय तिथे, आणि तिथून खाली एकच ओघळ. दोन दिवस ज्याला शोधतोय तो वर बसलेला.

माई (ए-१०४), ८.२२
म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचं काम नाही?

अण्णा (ए-२०३), ८.३१
नाही. कव्हरचं पॅकिंग नवीन घातलं की भागेल. जुनं काढून बघितलं, रबर उन्हातल्या पापडासारखं, वाकवलं तर मोडतंय. त्यात कोणीतरी नट आवळून आवळून कव्हरचा काठच वाकवलाय. गळतंय म्हणून आवळायचं, आवळलं की पॅकिंग चेपतं, मग आणखी गळतं. बापू, कोणी रे?

बापू (बी-१०१), ८.३३
असेल कोणीतरी.

शिरी (बी-२०२), ८.३४
😂😂

अण्णा (ए-२०३), ८.३८
काठ सपाट करून घेऊ. आणि ब्रीदरचा पाइप तेलाच्या गाळाने निम्मा बुजलाय. तो तुंबला की इंजिनच्या पोटातला वारा बाहेर पडत नाही, मग पॅकिंगमधून तेल ढकलतो. तो साफ केल्याशिवाय नवीन पॅकिंग घातलंस तर दिवाळीला परत पुठ्ठा मागशील.

खजिनदार (बी-२०१), ८.३९
पुठ्ठा मिळणार नाही.

बापू (बी-१०१), ८.४५
ते तेल धुराच्या गरम मॅनिफोल्डवर पडायचं म्हणून सिग्नलला जळका वास यायचा. मी मागच्या ट्रकला शिव्या घालत होतो. असो. माझी चूक मान्य. माई, सॉरी.

माई (ए-१०४), ८.५२
मोठ्या मनाने बोललात बापू. पण मी सरकले ते सात नंबरला. तुमचे थेंब सहातच आहेत, पुठ्ठ्यावर दिसलं मला.

अण्णा (ए-२०३), ९.०४
मी तेच सांगणार होतो. सातचं तेल वेगळं आहे. बोटावर घेतलं, मधासारखं, जाड, आणि नाकाशी नेलं तर कुजक्या लसणाचा वास. हे गिअर ऑइल. बापूच्या गाडीचं नव्हे.

शिरी (बी-२०२), ९.०५
सात नंबर कोणाचा? 👀

सेक्रेटरी (ए-३०१), ९.०७
हा मेसेज डिलीट केला आहे

गोदाकाकी (बी-१०३), ९.१०
शनिवारी थय मुंबयची पांढरी गाडी होती. रात्री दोन वाजता इली. हॉर्न वाजवन आमका उठवल्यानी.

नलूवहिनी (बी-३०२), ९.११
वेगळा विषय आहे काकी. एका वेळी एकच.

सेक्रेटरी (ए-३०१), ९.३०
माझे मेव्हणे आले होते. हायवेवर एका खड्ड्यात खालून दगड लागला असं म्हणत होते. काल सकाळीच परत गेले. माझ्या लक्षात आलं नाही, दिलगीर आहे.

अण्णा (ए-२०३), ९.३४
दिलगिरी नंतर. आधी फोन लावा. गिअरबॉक्सला बहुतेक गाड्यांत डिपस्टिक नसते, तेल संपलं तरी डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. आवाज यायला लागला तोवर आत दात खाल्लेले असतात. गाडी उचलून ॲक्सलच्या सीलपाशी आणि हाउसिंगला तडा गेलाय का ते बघून घ्या म्हणावं. तोवर चालवू नका.

सेक्रेटरी (ए-३०१), ९.५०
बोललो. पनवेलला आहेत, गाडी उभी केलीय. थँक्यू अण्णा. सात नंबर आज पाइप लावून धुऊन घेतो.

माई (ए-१०४), ९.५१
धुऊ नका. पाणी गटारातून मागच्या पऱ्यात जातं, पुढे खाडीत. भुसा टाका, तेल शोषलं की गोळा करा, मग सोड्याने घासा.

गोदाकाकी (बी-१०३), ९.५२
मंगळवारपासून भुसो भुसोच सांगतंय

खजिनदार (बी-२०१), १०.००
भुशाचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा?

सेक्रेटरी (ए-३०१), १०.०१
मी देतो.

नलूवहिनी (बी-३०२), १०.०६
अण्णा, पावडर उरलीय का? गच्चीवर या ना एकदा.

अण्णा (ए-२०३), १०.१२
गच्चीला पावडर चालत नाही वहिनी. चार दिवस उघडीप मिळू दे. बांध घालून एकेका भागात पाणी कोंडायचं आणि तुमच्या पंख्यावर कधी येतं ते बघायचं. मी, बापू आणि शिरी करतो. किल्ली फक्त द्या.

सेक्रेटरी (ए-३०१), १०.१५
किल्ली खजिनदारांकडे आहे.

खजिनदार (बी-२०१), १०.१६
माझ्याकडे कधीच नव्हती.

तात्या (ए-१०१), १०.२०
किल्ली माझ्याकडे आहे. मागच्या गणपतीपासून. कोणी मागितलीच नाही 🙏