स्मरणिकेचे फोटो आणि तीन कॅटलॉग

सचिव (ए-१०२): सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या स्मरणिकेसाठी गड्डा यात्रेचे (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे) फोटो निवडावेत म्हणून काल रात्री कार्यालयातील लॅपटॉपवर लाइटरूम क्लासिक हे फोटो सुधारण्याचे आणि लावून ठेवण्याचे सॉफ्टवेअर उघडले, तेव्हा नंदीध्वज मिरवणुकीच्या ज्या फोटोंचा उजेड आणि रंग मी दोन रविवार बसून नीट केला होता, ते सगळे मुळात होते तसेच फिकट दिसले. सगळे काम पुसले गेले की काय?

बी-३०४: साहेब, काम शाबूत असावे, कॅटलॉग मात्र दुसरा उघडला गेला असावा. खिडकीच्या वरच्या पट्टीत त्याचे नाव असते, ते कृपया वाचून सांगावे.

सचिव (ए-१०२): ‘सर्वसाधारण’ असे दिसते. यात्रेचा एक आणि गणेशोत्सवाचा एक असे कॅटलॉग निराळे केले होते, पण यात्रेचे फोटो चुकून यात्रेच्या आणि ‘सर्वसाधारण’ अशा दोन्ही कॅटलॉगमध्ये घेतले गेले.

बी-३०४: घोटाळा तिथेच झाला. कॅटलॉगमध्ये फोटो नसतात. फोटो डिस्कवर असतात आणि कॅटलॉगमध्ये त्यांचा पत्ता, केलेल्या दुरुस्त्या आणि शोधशब्द यांची नोंद असते. चादरींच्या एकाच गोदामाच्या दोन वह्या दोन दिवाणजींनी लिहाव्यात आणि एकाने केलेली नोंद दुसऱ्याला कळू नये, तसे आपले झाले आहे. यात्रेचा कॅटलॉग उघडलात की तुमचे दोन रविवार परत मिळतील.

सी-२०१: माझ्याकडूनही एक चूक झाली आहे. दिवाळीत जागा होत नव्हती म्हणून मी यात्रेतील अक्षता सोहळ्याचा फोल्डर विंडोजमधूनच बाहेरच्या डिस्कवर हलवला होता.

बी-३०४: ताई, म्हणूनच त्या फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसत असणार. फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’मधून नवी जागा दाखवावी लागेल, आणि फोटो दोन कॅटलॉगमध्ये असल्यामुळे हे दोन्हीकडे वेगवेगळे करावे लागेल. यापुढे फोल्डर हलवायचा तो लाइटरूमच्या आतूनच, तेही तो एकाच कॅटलॉगमध्ये असेल तर. त्याहून जपायचे ते डिलीट करताना, कारण एका कॅटलॉगमधून ‘डिलीट फ्रॉम डिस्क’ केले की दुसऱ्यात नुसती नोंद उरते आणि फोटो त्याच्या जागेवरून जातो.

खजिनदार (ए-४०१): मग तीन कॅटलॉग हवेतच कशाला? वेगळे ठेवले की लॅपटॉप हलका चालतो, असे मी ऐकले होते.

बी-३०४: आपल्या काही हजार फोटोंनी एका कॅटलॉगचे अडत नाही. उलट शोधताना तिन्ही उघडावे लागतात, कारण एका वेळी एकच उघडतो. त्यात एकीकडे आपण ‘नंदीध्वज’ लिहिले आहे, दुसरीकडे कोणी सवयीने त्यांनाच ‘काठ्या’. माझ्या मते सोसायटीचा एकच कॅटलॉग असावा आणि सण त्यात कलेक्शनने, म्हणजे कॅटलॉगमधल्या फोटोंच्या गटांनी, वेगळे करावेत. कोणाला घरचे खासगी फोटो ठेवायचे असतील तर तेवढ्यासाठी दुसरा असणे रास्त आहे.

सचिव (ए-१०२): एकत्र करताना माझे रंग पुसले जाणार नाहीत ना?

बी-३०४: आधी तिन्ही कॅटलॉगचा बॅकअप घ्या, त्यात फोटो येत नाहीत, म्हणून फोटोंची प्रत दुसऱ्या डिस्कवर वेगळी काढा. ताईंच्या फोल्डरची जागाही आधीच दाखवून घ्या. मग ‘सर्वसाधारण’ उघडून ‘इम्पोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग’मधून यात्रेचा कॅटलॉग घ्या. फोटो न हलवता जोडण्याचा पर्याय निवडा. जे फोटो दोन्हीकडे आहेत त्यांच्यासाठी तिथे ‘रिप्लेस’ असे विचारले जाते. ते ‘नथिंग’वर राहिले तर तुमचे रंग येणार नाहीत, म्हणून माहिती आणि दुरुस्त्या बदलण्याचा पर्याय घ्या आणि जुन्या दुरुस्त्या व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोची कॅटलॉगमधली दुसरी नोंद) म्हणून राखण्याची चौकटही निवडा. गणेशोत्सवाचेही असेच करावे.

सचिव (ए-१०२): यात्रेचा कॅटलॉग आत्ता उघडला, रंग जागेवर आहेत. ताई, डिस्क घेऊन शनिवारी सायंकाळी सहा वाजता कार्यालयात यावे. तोपर्यंत लॅपटॉपवर कोणीही फोटो हलवू अथवा डिलीट करू नये, ही विनंती.

सी-२०१: डिस्क घेऊन येते.