मदत हवी आहे: फुटबॉलची मॅच चालू असताना खेळाडू बदलायचा की नाही, हे कसं ठरवता?

नमस्कार मंडळी,

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे सल्ला त्या मापाने देता येईल. मी कोथरूडला राहतो. पोराला मैदानावर सोडायला जायचो. आधीचे सर गाव सोडून गेले आणि शिट्टी माझ्या गळ्यात पडली. कॉलेजात राइट बॅक (उजवीकडचा बचावपटू) खेळायचो, आणि एफसी पुणे सिटी होती तोवर बालेवाडीला जाऊन घसा बसेपर्यंत ओरडायचो. एवढंच भांडवल.

गेल्या रविवारी १५ वर्षांखालच्या मुलांची सेमीफायनल होती. आम्ही २-१ ने पुढे, बारा मिनिटं बाकी. आमचा लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेने हल्ला करणारा (त्याला इथे छोटू म्हणू), गुडघ्यांवर हात टेकून उभा, एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेला. कुंपणापाशी पालकांचा एकच गलका, "सर, लीड आहे, एक बॅक टाका!" मी घड्याळ बघितलं, छोटूकडे बघितलं आणि त्याला काढून बॅक आत टाकला. तो बिचारा इतका गडबडला की राखीव खेळाडूंचं बिब (जाकीट) अंगावर ठेवूनच आत निघाला, रेफरीने परत पाठवला.

त्यानंतर चेंडू आमच्या हाफमधून बाहेर गेलाच नाही. त्यांचा राइट बॅक छोटूच्या धास्तीने मॅचभर मधली रेघ ओलांडत नव्हता. छोटू बाहेर बसल्यावर तो मोकाट सुटला. कॉर्नरवर कॉर्नर, २-२, आणि शेवटच्या मिनिटाला २-३.

झोप येईना म्हणून रात्री १९९९ ची चॅम्पियन्स लीग फायनल लावली. बायर्न म्युनिक मँचेस्टर युनायटेडविरुद्ध १-० ने पुढे, ८० व्या मिनिटाला ३८ वर्षांचा माथेउस बाहेर आणि फिंक आत. इंज्युरी टाइममध्ये कॉर्नर आला, याच फिंकचा चेंडू धड लांब गेला नाही, गिग्सने मारला, शेरिंगहॅमने जाळ्यात वळवला. मग सोल्शायरचा गोल. शेरिंगहॅम आणि सोल्शायर दोघेही युनायटेडच्या फर्ग्युसन सरांनी बेंचवरून आणलेले! आता माथेउस खरोखर दमला होता, म्हणजे बायर्नचा कोच हिट्झफेल्ड चुकला असंही छातीठोक म्हणवत नाही. मग निर्णय चांगला की वाईट, हे निकाल बाजूला ठेवून कसं जोखायचं?

२००५ ला इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये लिव्हरपूलचा कोच बेनिटेझने ०-३ वरून मधल्या फळीतल्या हामानला आणलं, मागे तिघे ठेवले, जेरार्डला पुढे मोकळं सोडलं आणि सहा मिनिटांत तीन गोल झाले. पण तो बदल हाफ टाइमचा, बंद खोलीतला. मला मिळतात पाण्याच्या ब्रेकची दोन मिनिटं, तीही ग्लुकॉन-डी कालवण्यात जातात.

तुम्ही लाईनवर उभे असताना नेमकं काय बघता? दमलेल्या पोराला लगेच काढता का? आणि छोटू माझ्याशी बोलत नाहीये, त्याला वाटतंय मी शिक्षा केली. त्याला काय सांगू?

प्रतिसाद: जुना खडकीकर

चेंडूकडे बघणं सोडा, चेंडू तर कुंपणाजवळचे पालकही बघतात. पलीकडच्या बाजूला त्यांचे बॅक कुठे उभे आहेत ते बघा. ते रेघेच्या मागे थांबले असतील तर कोणाला तरी घाबरून थांबलेत. त्या कोणाला तरी काढायचं असेल तर आत येणाराही धावणाराच हवा. तोही नसेल तर दमलेल्याला मधल्या रेघेवर नुसतं उभं करा, एक बॅक तरी त्याच्यापाशी अडकतो.

दुसरं, मोठे निर्णय आदल्या दिवशी घ्या. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सचा कोच व्हॅन खालने कोस्टारिकाविरुद्ध अगदी शेवटी गोली बदलला. आत आलेल्या क्रुलने शूटआउटमध्ये दोन पेनल्टी अडवल्या. ते आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं, क्रुलला मॅचआधीच सांगून ठेवलं होतं. पुढे असलो तर काय, मागे असलो तर काय, शनिवारी चिठ्ठीवर लिहा आणि खिशात ठेवा.

छोटूला खरं सांगा, "तुझ्यामुळे त्यांचा बॅक अडकला होता, ते मला तू बाहेर आल्यावर कळलं." एवढं पुरे.

एक विचारतो. बेंचवर दुसरा विंगर नव्हता का?

प्रतिसाद: पेठेतला

पालकांना आधी रस्त्यापलीकडे उभं करा. फॉर्मेशन नंतर.

धागाकर्ता

खडकीकर, विंगर होता. ताजा होता, पळतोही चांगला. लिहिताना हे गाळलं होतं, आता सांगून टाकतो. आत टाकलेला बॅक माझाच मुलगा. त्या दिवशी त्याला एक मिनिटही मिळालं नव्हतं, आणि कुंपणापाशी सगळ्यात मोठा आवाज आमच्या सौ.चा होता. पालकांच्या ग्रुपवर अजून कोणी काही बोललेलं नाही, पण दोन बाबा मला नुसते अंगठे पाठवतायत.

जुना खडकीकर

मग चिठ्ठी तुम्ही लिहा, पण मुलाच्या जागेचा रकाना कोरा सोडा. तो छोटूला भरायला द्या.