ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या गाण्यांतील कथा : सुरुवात कुठून करावी?

सांजवेळ

नमस्कार. अमेरिकन रॉक गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्याविषयी येथील जाणकारांना विचारायचे आहे. त्यांच्या १९८४ च्या ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ या गाण्याची चाल ऐकली, तर ते हजारोंनी मुठी उंचावून म्हणावे असे देशाभिमानाचे गीत वाटते. शब्द वाचले, तर ती व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्याने कामावर न घेतलेल्या माणसाची कैफियत निघते. हे अंतर त्यांनी हेतुपुरस्सर ठेवले आहे का? त्यांना कथा सांगणारा गीतकार म्हणतात, त्या कथा समजून घ्यायच्या तर कोणत्या अल्बमपासून ऐकावे? आणि पुढच्या कलावंतांनी त्यांच्याकडून नेमके काय घेतले?

खर्ज

माझ्या मते १९८२ च्या ‘नेब्रास्का’पासून सुरुवात करावी. स्प्रिंगस्टीन यांनी ही गाणी न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथल्या घरी, साध्या कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या यंत्रावर, गिटार आणि माउथ ऑर्गन यांच्या साथीने एकट्याने ध्वनिमुद्रित केली. हा केवळ कच्चा खर्डा होता. पुढे त्यांच्या साथीच्या ई स्ट्रीट बँडबरोबर ती पुन्हा वाजवून पाहिली, पण त्यातली माणसे हरवतात असे जाणवल्यामुळे अखेर खिशातून वागवलेल्या त्या कॅसेटवरूनच अल्बम काढला गेला. एवढ्या लोकप्रियतेच्या काळात असा निर्णय घेणे किती धाडसाचे होते, याचा विचार केला की मला आजही आदर वाटतो.

त्यांची कथनाची रीत पाहायची असेल, तर याच अल्बममधील ‘हायवे पेट्रोलमन’ शांतपणे ऐका. जो रॉबर्ट्स हा पोलीस सार्जंट आहे आणि त्याचा भाऊ फ्रँकी सतत भानगडी करणारा. शेतीमुळे जोला सैन्यभरतीतून सूट मिळाली, फ्रँकी मात्र सैन्यात गेला. पुढे गव्हाचे भाव पडल्यावर जोला शेतीही परवडेनाशी झाली आणि तो पोलिसात लागला. एका रात्री रस्त्याकडेच्या हॉटेलात फ्रँकीच्या हातून एक मुलगा रक्तबंबाळ होऊन पडतो, आणि सार्जंट जो आपल्या भावाच्या गाडीचा पाठलाग करतो. कॅनडाची हद्द पाच मैलांवर आली, तेव्हा तो आपली गाडी कडेला घेतो आणि फ्रँकीच्या गाडीचे मागचे दिवे दिसेनासे होईपर्यंत पाहत राहतो. त्याचे चुकले की बरोबर, याविषयी गीतकार चकार शब्द काढत नाही. गव्हाच्या भावाचा उल्लेख ओझरता असला, तरी दोन भावांच्या वाटा कशा वेगळ्या झाल्या हे त्यातूनच कळते. त्यांच्या कथा अशाच चालतात: बोलणारे पात्र स्वतःची बाजू मांडते, आणि परिस्थिती त्याच्या बोलण्यातून आपोआप उलगडते.

त्यानंतर ‘द रिव्हर’ (१९८०) हे शीर्षकगीत ऐका. कोवळ्या वयात घाईने झालेले लग्न, एकोणिसाव्या वाढदिवशी हाती आलेले कामगार संघटनेचे कार्ड आणि पुढे मंदीमुळे आटलेले बांधकामाचे काम, ही हकिकत त्यांच्या बहीण-मेहुण्यांच्या आयुष्यावरून सुचलेली आहे.

तारसप्तक

खर्ज यांचे विवेचन मला पटते, पण आरंभ ‘नेब्रास्का’पासून करावा हे पटत नाही. तसे केल्यास स्प्रिंगस्टीन म्हणजे संगीताच्या साथीने कथा वाचणारा लेखक, असा समज होईल, आणि ते अर्धेच सत्य आहे. १९७५ चा ‘बॉर्न टू रन’ आधी ऐका. त्याच्या शीर्षकगीतावरच त्यांनी सुमारे सहा महिने घालवले. शेवटच्या ‘जंगललँड’मध्ये बँडमधले वादक क्लॅरेन्स क्लेमन्स यांचा दीर्घ सॅक्सोफोन येतो, तो त्या कथेचाच एक अंक आहे, शब्द थांबतात, तरी गोष्ट थांबत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे गाणे प्रथम ‘नेब्रास्का’च्या कॅसेटच्या वेळीच, नुसत्या गिटारवर मुद्रित झाले होते. त्या रूपात ते निव्वळ उदास आहे आणि गैरसमजाला फारशी जागा नाही. बँडच्या आवृत्तीत कडव्यांत उद्ध्वस्त माणूस बोलतो आणि ध्रुवपदात तोच माणूस आपण याच देशाचे आहोत असे ठणकावून सांगतो. म्हणून हे अंतर मी दोष मानत नाही; राग आणि अभिमान एकाच छातीत असू शकतात, हे चालीमुळेच कळते. सप्टेंबर १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतील प्रचारसभेत त्यांच्या गाण्यांतील आशेचा संदेश गौरवला. त्यानंतर काही दिवसांतच स्प्रिंगस्टीन यांनी पिट्सबर्गच्या मंचावर त्याचा उल्लेख करून ‘जॉनी ९९’ गायले, ज्यात मोटारींचा कारखाना बंद पडून बेकार झालेला कामगार नशेत गोळी झाडतो आणि नव्व्याण्णव वर्षांची शिक्षा भोगतो.

खर्ज

‘जंगललँड’बाबत तारसप्तक यांचे म्हणणे मान्य आहे. प्रभावाविषयी थोडे लिहितो. जॉनी कॅश यांच्यासारख्या ज्येष्ठ गायकाने १९८३ मध्ये ‘जॉनी ९९’ आणि ‘हायवे पेट्रोलमन’ ही दोन्ही गाणी स्वतःच्या अल्बममध्ये गायली, आणि अभिनेते शॉन पेन यांनी १९९१ मध्ये ‘हायवे पेट्रोलमन’च्या कथेवरून ‘द इंडियन रनर’ हा चित्रपट काढला. पाच-सहा मिनिटांच्या गाण्यात पूर्ण चित्रपटाला पुरेल एवढा ऐवज होता, याहून मोठा दाखला कोणता द्यावा? पुढच्या पिढीत ‘द किलर्स’ या रॉक बँडच्या २००६ च्या ‘सॅम्स टाउन’ अल्बममध्ये स्प्रिंगस्टीन यांची छाप उघड दिसते. मात्र भव्य ध्वनी घेणे सोपे असते. पात्राच्या तोंडून बोलण्याचा संयम फार थोड्यांना साधला.

सांजवेळ

दोघांचेही मनापासून आभार. आधी ‘बॉर्न टू रन’, मग ‘द रिव्हर’ आणि शेवटी ‘नेब्रास्का’, असा क्रम ठेवते. स्प्रिंगस्टीन यांनी भारतात कधी कार्यक्रम केला आहे का?

तारसप्तक

होय. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवाधिकार दौऱ्यात ३० सप्टेंबर १९८८ रोजी ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये गायले होते. स्टिंग, पीटर गॅब्रिएल आणि ट्रेसी चॅपमन हेही त्या दौऱ्यात होते. आपला क्रम योग्य आहे. फक्त ‘द रिव्हर’नंतर १९७८ च्या ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’मधील ‘फॅक्टरी’ हे छोटे गाणे अवश्य ऐका. ते वडिलांच्या कारखान्यातील नोकरीविषयी आहे, आणि त्यांच्या कथांतील कामगार मुळात कुठून आला हे त्यात कळते.